न सांगता लागू होणारे नियम

हॉटेलात जाऊन आपण 'एक चहा' एवढेच सांगितले, तर साखर घातलेला चहा समोर येतो. साखर किती, दूध किती, हे आपण सांगत नाही आणि वाढणाराही विचारीत नाही. ज्याला बिनसाखरेचा हवा असेल त्याने तसे बोलून दाखवावे. न बोलणाऱ्यासाठी ते आधीच ठरलेले असते. हे ठरविले कोणी? हॉटेलच्या मालकाने, दुकान मांडले त्या दिवशी केव्हा तरी. त्यानंतर हजारो माणसे तो चहा प्याली, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्या वतीने कोणी काही ठरविले आहे याची जाणीवही झाली नाही. मधुमेहाचा माणूस मात्र एखादे दिवशी गप्पांच्या नादात सांगायचे विसरतो, आणि त्या जुन्या निर्णयाची किंमत त्याला मोजावी लागते.

संगणकाच्या जगात अशा नियमाला 'डिफॉल्ट' म्हणतात. मराठीत त्याला सर्वांच्या तोंडी बसलेला शब्द अद्याप नाही. आम्ही येथे 'गृहीत नियम' म्हणू. या विषयावर बोलावे असे आम्ही सुचविले, तेव्हा संयोजकांपैकी एकांनी विचारले, की हा तर यंत्रज्ञांचा विषय, त्यात नगरवासी श्रोत्यांना काय गोडी वाटणार? प्रश्न रास्त होता. पण आज ज्याच्या घरी वायफायची पेटी नाही असे घर या सभागृहात क्वचितच निघेल. त्या पेटीत शेकडो गृहीत नियम बसलेले आहेत, ते आपण ठरविलेले नाहीत, आणि त्यांतले काही असे आहेत की ते चुकले तर त्रास आपल्याला न होता भलत्याच गावच्या भलत्याच माणसाला होतो. तेव्हा ज्याच्या घरात पेटी आहे त्याला हा विषय अगदीच परका नाही.

विषय समजण्यासाठी संगणकाला आपण एक वाडा मानू. वाड्याला दारे असतात: समोरचा दिंडीदरवाजा, मागचे परसदार, बोळातली खिडकी. संगणकालाही बाहेरच्या जगाशी देवघेव करण्याची अशी दारे असतात. त्यांना 'इंटरफेस' म्हणतात. तारेची जोडणी हे एक दार, वायफाय हे दुसरे, कचेरीशी गुप्तपणे जोडणारे व्हीपीएन हे तिसरे. या दारांतून टपालाप्रमाणे लहान लहान पुडकी ये-जा करतात. प्रत्येक पुडक्यावर ते कोठे जायचे आणि कोठून आले हे दोन्ही पत्ते लिहिलेले असतात. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: पाठविणाऱ्याचा पत्ता पाठविणाराच लिहितो. तो खोटा लिहिण्यापासून त्याला कागद अडवीत नाही.

आता वाड्याचे नियम तीन ठिकाणी लिहिता येतात. काही नियम साऱ्या वाड्याचे, काही एकेका दाराचे. आणि तिसरी जागा थोडी विचित्र आहे: जे दार अजून पाडलेलेच नाही त्याच्यासाठी आधीच लिहून ठेवलेले नियम. लिनक्स या प्रणालीत ही तिन्ही खाती स्पष्टपणे वेगळी ठेवलेली आहेत. पहिल्याचे नाव 'ऑल', तिसऱ्याचे 'डिफॉल्ट', आणि मधल्या खात्यात प्रत्येक दार आपापल्या नावाने. अँड्रॉइडचा फोन, घरातली पुष्कळशी वायफाय पेट्या आणि इंटरनेटवरचे बहुसंख्य मोठे संगणक यांच्या पोटात लिनक्सच आहे. म्हणून उदाहरणे तेथलीच घेतो.

वाड्याबद्दलचा सर्वांत पहिला निर्णय असा, की हे राहते घर आहे की वाटसरूंचा रस्ता? जुन्या पुण्यात काही वाडे असे होते की एका गल्लीतून आत शिरावे आणि दुसऱ्या गल्लीत बाहेर पडावे. राउटर म्हणजे असा आरपार वाडा. एका दाराने आलेले परक्याचे पुडके दुसऱ्या दाराने पुढे लावून देणे हेच त्याचे काम. तुमचा आमचा साधा संगणक मात्र राहते घर असतो. त्याला दोन दारे असली म्हणून त्यातून कोणीही आरपार जावे असे होत नाही. ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांच्या संपादनाखाली आरएफसी ११२२ हा दस्तऐवज निघाला. इंटरनेटवरच्या यजमान संगणकांनी कसे वागावे याची ती संहिताच आहे. ज्या संगणकात आरपार वाट देण्याची सोय असेल त्यात ती बंद करण्याची कळ असलीच पाहिजे, आणि कोणी काही न सांगता ती कळ बंदच्या बाजूला असली पाहिजे, असे तिने बजावून ठेवले आहे. लिनक्समध्ये तो आकडा आजही मुळात शून्य असतो.

या एका कळीमागून बाकीचे पुष्कळ नियम चालतात. ती फिरविली की प्रत्येक दाराची आरपार वाट एकदम उघडते किंवा मिटते, आणि परक्याने सांगितलेली वाट मानावी की नाही यासारखे दुसरे नियमही आपोआप बदलतात. म्हणून आधी घर की रस्ता हे ठरवावे, ती कळ लावावी, आणि मगच बाकीचे आकडे लिहावे. उलट क्रमाने लिहिणाऱ्याचे काही आकडे मागाहून आपोआप पुसले जातात, आणि आपण लिहिलेले गेले कोठे हे त्याला कळत नाही. डॉकरसारखी साधने आपल्या सोयीसाठी ही कळ परस्पर उघडतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

कोणता नियम वाड्याचा आणि कोणता दाराचा, हे बहुतेक वेळा त्या नियमाच्या स्वभावावरूनच कळते. पुडके वाटेत किती टप्पे टिकावे याचा एक आकडा प्रत्येक पुडक्यावर असतो. दर राउटरागणिक तो एकाने घटतो आणि शून्य झाला की पुडके टाकून देतात, नाही तर वाट चुकलेली पुडकी जन्मभर फिरत राहिली असती. हा आकडा सहसा ६४ घेतात. तो प्रवासाचा आहे, दाराचा नाही. म्हणून साऱ्या यंत्राला एकच पुरतो. उलट एका पुडक्यात जास्तीत जास्त किती माल भरावा हे त्या त्या रस्त्यावर अवलंबून असते. इथरनेटच्या तारेवर १५०० बाइट जातात, पण आपल्याकडच्या पुष्कळ फायबर जोडण्यांत पीपीपीओई नावाचे आणखी एक वेष्टन असते, त्याचे ८ बाइट वजा जाऊन १४९२ उरतात. हा आकडा दारागणिकच हवा. साऱ्या वाड्याला एकच आकडा लावणे म्हणजे परसदार अरुंद आहे म्हणून दिंडीदरवाजातूनही पलंग न्यायचा नाही असे म्हणण्यासारखे आहे.

काही गृहीत नियम इतके बेताचे असतात की ते चालू ठेवण्यात कोणाचेच काही जात नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवेवर खोट्या पत्त्यांच्या अर्धवट जोडण्यांचा लोंढा सोडून तिला बेजार करण्यात आले होते. त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन यांनी 'सिन कुकी' हा तोडगा सुचविला: रांग भरून वाहू लागली तर येणाऱ्याची नोंद स्वतःकडे न ठेवता त्याच्याच हातात एक सांकेतिक चिठ्ठी द्यावी, आणि तो ती घेऊन परत आला तरच त्याला खरा मानावे. लिनक्समध्ये हा नियम साऱ्या यंत्रासाठी मुळातच चालू असतो, पण तो जागा होतो तो रांग भरल्यावरच. एरवी तो असल्याचे कळतही नाही. असे नियम बसविणाऱ्याचे काम सोपे असते.

अवघड असतात ते दुसरे. त्यांतला एक आम्ही सविस्तर सांगतो, कारण गृहीत नियम एवढा उलटा फिरविल्याची नोंद असलेली उदाहरणे फारशी नाहीत.

टपालाच्या पत्त्यात एखाद्या वाड्यातल्या एका बिऱ्हाडाचे नाव लिहिता येते, तसे 'या वाड्यातल्या सर्वांना' असेही लिहिता येते. इंटरनेटवर पूर्वी अशी सोय होती, की दूरच्या एखाद्या संस्थेच्या साऱ्या संगणकांना उद्देशून बाहेरून एकच पुडके पाठवावे आणि तिच्या राउटरने ते आत सर्वांना वाटावे. जून १९९५ मध्ये निघालेल्या आरएफसी १८१२ या राउटरांच्या संहितेने ही सोय बंद करण्याची कळ असावी असे सांगितले, पण न सांगता ती चालूच असावी असेही सांगितले. त्या काळच्या मानाने हे चुकीचे वाटले नसावे. शेजारधर्माने चालणाऱ्या वस्तीत कोणी दाराला कडी लावून बसत नाही.

मग कोणाच्या तरी लक्षात आले, की या सोयीला खोट्या पत्त्याची जोड दिली तर मोठी गंमत होते. 'सर्वजण हजर आहात काय?' असे एक पुडके दूरच्या संस्थेला पाठवायचे, आणि पाठविणाऱ्याच्या जागी आपला नव्हे, ज्याला छळायचे त्याचा पत्ता लिहायचा. त्या संस्थेत शंभर संगणक असतील तर शंभर उत्तरे त्या बिचाऱ्याच्या दारावर येऊन आदळतात. अशा दहा संस्था हाताशी धरल्या तर दहा पुडक्यांची हजार उत्तरे होतात. छळणाऱ्याची जोडणी हळू असली तरी चालते, कारण वजन दुसऱ्यांनीच उचललेले असते. हा हल्ला ज्या कार्यक्रमाने करीत त्याला बेल्जियन चित्रकथांतल्या निळ्या बुटक्यांवरून 'स्मर्फ' असे नाव होते. ५ जानेवारी १९९८ रोजी अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने त्याविषयी इशारा काढला, आणि ऑगस्ट १९९९ मध्ये आरएफसी २६४४ हा छोटासा दस्तऐवज निघाला. त्याने सारे मिळून एकच काम केले: पूर्वी न सांगता चालू असलेली ती सोय आता न सांगता बंद असावी, ज्याला हवी असेल त्याने मुद्दाम उघडावी. कळ तीच राहिली, फक्त तिची विश्रांतीची बाजू बदलली.

या प्रकरणात दोषी कोण? ज्या संस्थांचे राउटर वापरले गेले त्यांनी काही वाईट केले नव्हते. त्यांनी काहीच केले नव्हते. बरे, त्यांना विशेष त्रासही होत नव्हता. नुकसान तिसऱ्याचे होत होते, आणि त्या तिसऱ्याला या राउटरांच्या कळीला हात लावण्याचा अधिकार नव्हता. जेथे चुकीची किंमत चूक करणाराच मोजतो तेथे गृहीत नियम थोडा सैल असला तरी चालतो, कारण चटका बसला की तो हात काढून घेतो. पण जेथे किंमत परका मोजतो तेथे मालक आपण होऊन कधीच उठणार नाही, आणि म्हणून तेथला गृहीत नियम बंदच्या बाजूलाच हवा. याला अपवाद असतील, पण आम्हांला अद्याप पटण्याजोगा सापडलेला नाही. पुढे २०१६ मध्ये 'मिराई' या उपद्रवी कार्यक्रमाने तेच वेगळ्या वाटेने दाखविले. कारखान्यात घातलेले नाव आणि परवलीचा शब्द कोणी बदलत नाही एवढ्या भांडवलावर त्याने जगभरचे टेहळणीचे कॅमेरे ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये डिन या कंपनीवर त्यांचा मारा सोडला. कॅमेऱ्यांच्या मालकांना घरातले चित्र पूर्वीसारखेच दिसत होते. सर्व नगांना एकच परवलीचा शब्द घालून माल विकण्याला ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी केली, ती या अनुभवानंतरच.

खोट्या पत्त्यांचा बंदोबस्त करण्याचा मार्गही निघाला होता. मे २००० च्या आरएफसी २८२७ ने सांगितले, की प्रत्येक सेवेने आपल्या ग्राहकाच्या दारातच पुडके तपासावे. ज्या बाजूचा पत्ता लिहिला आहे त्या बाजूने ते आलेले नसेल तर टाकून द्यावे. लिनक्समध्ये या तपासणीला 'आरपी फिल्टर' म्हणतात. परसदाराशी बसलेला भालदार पुडक्यावरचा पाठविणाऱ्याचा पत्ता पाहतो आणि स्वतःशी विचारतो: 'याला उत्तर पाठवायचे झाले तर मी कोणत्या दाराने पाठवीन?' उत्तर 'याच दाराने' असे आले तर पुडके आत, नाही तर बाहेर. अशा टाकलेल्या पुडक्यांना यंत्रज्ञ 'मंगळवासी' म्हणतात, आणि त्यांची नोंद ठेवण्याची वेगळी कळ असते.

वाड्याला रस्त्याकडे एकच दार असेल तर हा भालदार उत्तम काम करतो. दोन असतील तर तो आपल्याच माणसांना हाकलू लागतो. हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने सांगू शकतो, आणि चूक आमचीच होती.

आमच्या गावात एक अभ्यासिका आहे. गरीब घरची मुले तेथे स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतात आणि अर्जही तेथूनच भरतात. एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवून आम्ही तोच राउटर म्हणून लावून दिला होता. इंटरनेटची एक जोडणी होती; पुढे एका दात्याने दुसरी दिली. खोलीतल्या निम्म्या संगणकांच्या पुडक्यांवर खूण करून ती नव्या जोडणीने पाठवावी आणि बाकीची जुन्या जोडणीने जावी, अशी आम्ही योजना केली. भरतीच्या अर्जाची मुदत तीन दिवसांवर आलेली. निम्म्या संगणकांवर पान काही उघडेना. मुले आपली ओळीने डाव्या बाजूच्या संगणकांपाशी उभी, आणि उजव्या बाजूची यंत्रे नुसती दिवा लावून बसलेली. मागणी नव्या दाराने बाहेर जात होती, उत्तर नव्या दाराने परतही येत होते. पण उंबऱ्यावरचा भालदार विचार करी, 'या पत्त्याकडे जाण्याचा आपला राजरस्ता तर जुन्या दाराने आहे', आणि आलेले उत्तर फेकून देई. आम्ही पुडक्यांवर केलेली खूण तो विचारात घेत नव्हता.

दोष भालदाराचा आहे हे ओळखायला आम्हांला अर्धा दिवस लागला. मग आम्ही नव्या दाराच्या खात्यात आरपी फिल्टरचा आकडा शून्य केला. काही फरक पडला नाही. पुन्हा लिहिला, यंत्र बंद करून चालू केले, तरी तेच. कारण फार साधे होते. वर्षभरापूर्वी सुरक्षिततेची एक तयार यादी कोठून तरी उतरवून आम्हीच 'ऑल' या खात्यात एक लिहून ठेवला होता, आणि या नियमापुरती लिनक्सची रीत अशी आहे की साऱ्या वाड्याचा आकडा आणि त्या दाराचा आकडा यांत जो मोठा तो लागू. एक आणि शून्य यांत एक मोठा. वाड्याने एक म्हटल्यावर कोणत्याही दाराला शून्य म्हणण्याची सोयच उरत नाही.

शेवटी सुटका झाली ती दोनाने. दोनाचा अर्थ 'दुप्पट कडक' असेल असे कोणालाही वाटेल. पण येथे एक म्हणजे कडक तपासणी आणि दोन म्हणजे सैल. सैल तपासणीत भालदार एवढेच पाहतो, की या पत्त्याकडे जाणारा कोणता ना कोणता रस्ता आपल्यापाशी आहे ना. नव्या दाराच्या खात्यात दोन लिहिले, दोन हा एकाहून मोठा, म्हणून तो लागू झाला, आणि उजव्या बाजूची यंत्रे चालू लागली. संध्याकाळचे सहा वाजले होते. एकाहून अधिक जोडण्या असणाऱ्यांची ही अडचण मार्च २००४ च्या आरएफसी ३७०४ मध्ये सविस्तर मांडलेली आहे. आम्ही ती आधी वाचायला हवी होती. या सैल तपासणीने फारसे रक्षण होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्या यंत्रापाशी 'बाकी सारे जग या दाराने' असा एक सरसकट रस्ता लिहिलेला असतो, त्याला जवळजवळ प्रत्येक पत्ता ओळखीचाच वाटतो.

'जो मोठा तो लागू' हीच रीत सर्व नियमांना असती तर आमची तक्रार नव्हती. पण रीती तीन आहेत. परक्याने आखून दिलेल्या वाटेने पुडके नेण्याचा नियम घ्या. तेथे वाडा आणि दार या दोघांचीही संमती लागते. घरातल्या मेनस्विचसारखे ते आहे: मेन बंद तर खोलीतली बटणे कशीही असोत, दिवा लागत नाही. 'ऑल'मध्ये शून्य लिहिले की निश्चिंत व्हावे. मंगळवाश्यांची नोंद ठेवण्याची कळ याच्या उलट आहे. वाडा किंवा दार, दोघांपैकी एकाने हो म्हटले तरी पुरते. तेथे 'ऑल'मधल्या शून्याने काहीच बंद होत नाही.

सर्वांत फसवा नियम 'वाट बदला' या निरोपाचा. वाटेवरचा राउटर संगणकाला कळवू शकतो, की अमुक ठिकाणी जायचे तर माझ्याकडे न येता त्या दुसऱ्याकडून जा. हे सोयीचे आहे, पण त्याच जाळ्यात बसलेला लबाड माणूसही तसा निरोप धाडून तुमचे टपाल आपल्या घरावरून वळवून घेऊ शकतो. म्हणून हे निरोप मानू नयेत असे शहाणे सांगतात. आता यंत्र जर राउटर असेल, तर निरोप मानण्यास वाडा आणि दार दोघांचा होकार लागतो. यंत्र साधे घर असेल तर दोघांपैकी एकाचा पुरतो, आणि दारांचा मुळातला होकार असतोच. तेव्हा आपल्या साध्या संगणकावर 'ऑल'मध्ये शून्य लिहून स्वस्थ झोपणारा मनुष्य वस्तुतः काहीच बंद करीत नाही. त्याने प्रत्येक दाराच्या खात्यात शून्य लिहिले पाहिजे, आणि पुढे निघणाऱ्या दारांसाठी तिसऱ्या खात्यातही. 'ऑल' हे नाव ज्याने दिले त्याचा हेतू चांगला असेल, पण त्या नावाने जेवढी माणसे फसली तेवढी एखाद्या अवघड नावाने फसली नसती, असे आमचे मत झाले आहे.

'डिफॉल्ट' या तिसऱ्या खात्याचे नावही तसेच. ऐकणाऱ्याला वाटते, की येथे लिहिलेले सर्वांना लागू, ज्याने वेगळे सांगितले नसेल त्याला. प्रत्यक्षात ते नवजात दाराच्या पाळण्याशी ठेवलेले टाचण आहे. नवे दार निघाले की ते त्या घटकेला हे टाचण वाचते, आकडे उतरवून घेते आणि मग आपल्या वाटेने जाते. पत्ता मिळून कामाला लागलेल्या जुन्या दारांवर त्या टाचणातल्या मागाहूनच्या दुरुस्तीचा परिणाम होत नाही. म्हणून तेच खाते यंत्र सुरू होताना अगदी आधी लिहिले तर बहुतेक साऱ्या दारांना लागते, आणि दुपारी लिहिले तर सकाळच्या एकाही दाराला लागत नाही. तरीही तिन्ही खात्यांत विचार करण्याजोगे खाते हेच आहे असे आम्हांला वाटते. ओळखीच्या दाराबद्दल आपण केव्हाही निर्णय घेऊ शकतो. उद्या कोणी न सांगता एखादे यूएसबी यंत्र आणून खुपसले, तर त्या दाराच्या वतीने बोलणारे त्या क्षणी दुसरे कोणी नसते. अनोळखी दाराला कडक नियम द्यावा आणि ओळख पटल्यावर सैल करावा, हे येथे सहज जमते.

आपल्या हातातल्या फोनांनी हीच पद्धत अलीकडे उचलली आहे. अँड्रॉइडच्या २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनच्या २०२० च्या चौदाव्या आवृत्तीपासून, फोन नव्या वायफायला जोडताना न सांगता आपला मूळ यांत्रिक पत्ता झाकून त्या जाळ्यापुरता वेगळा पत्ता दाखवितो. घरच्या वायफायसाठी हवे तर मूळ पत्ता द्यावा. स्टेशनावरच्या वायफायला देण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये जाळे 'सार्वजनिक' की 'खासगी' हेही जाळ्यागणिक ठरते. प्रवासात एखाद्या लॉजचे वायफाय जोडताना तो प्रश्न आला, तर सार्वजनिक हेच उत्तर ठेवावे. त्याने छापखाना-यंत्र सापडणार नाही एवढेच होईल, आणि लॉजमध्ये आपले छापखाना-यंत्र असतेच कोठे?

इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीला, म्हणजे आयपीव्ही६ ला, नियमांची संपूर्ण वेगळी वही आहे, एवढेच येथे सांगतो. जुन्या वहीत बंद केलेले तेथे बंद झालेले नसते. दिंडीदरवाजाला कुलूप घालून परसदार मोकळे ठेवण्याचा हा प्रकार आम्ही चांगल्या जाणत्यांच्या हातूनही झालेला पाहिला आहे.

अभ्यासिकेतल्या त्या संगणकाची मांडणी आम्ही पुढे शांतपणे नव्याने केली. 'ऑल'मध्ये आरपी फिल्टरचा आकडा शून्य ठेवला, म्हणजे बोलण्याचा अधिकार दारांकडे आला. मुलांच्या खोलीकडच्या दाराला एक, कारण त्या बाजूला कोणकोणते पत्ते आहेत हे आम्हांला पक्के ठाऊक आहे, आणि तेथून खोट्या पत्त्याचे पुडके निघून दुसऱ्या कोणाला त्रास होता कामा नये. रस्त्याकडच्या दोन्ही दारांना दोन. आणि न जन्मलेल्या दारासाठी एक. प्रत्येक आकड्यापुढे तो का लिहिला हे मराठीत एकेका ओळीत लिहून ठेवले, कारण वर्षभराने आमचेच आम्हांला आठवत नाही हे सिद्ध झाले होते. मग ते सारे कागदावर उतरवून यंत्राच्या मागे चिकटविले.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री गावातली खांबावरची तार तुटून दोन्ही जोडण्या गेल्या. अभ्यासिकेच्या शिपायाने दोन्ही तारा उपसून ठेवल्या आणि स्वतःच्या घरचे मोबाइल जोडणीचे यूएसबी यंत्र आणून संगणकाला लावले. नव्या दाराने पाळण्याशेजारचे टाचण वाचले आणि कडक नियम घेतला. जगाकडे जाणारा तो एकच रस्ता उरला असल्यामुळे कडक तपासणीतही काही अडले नाही. मुले रात्रभर तेथे बसली होती. आम्हांला हे आठ दिवसांनी, हजेरीच्या वहीवरून कळले.